शनिवारचा माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. वाशीमच्या स्टेशन रोडवर एक कॅफे आहे. तिथल्या गल्ल्यामागच्या कपाटात, जादा कप आणि कागदी रुमालांच्या गठ्ठ्याशेजारी मी पडून असतो. कपाट उघडलं की मला दिवे दिसतात, बंद झालं की कॉफीचा वास तेवढा येत राहतो.

माझा जन्म दिल्लीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. केसाइतकी बारीक तांब्याची तार, कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा आणि वर पोलादी जाळी, एवढाच माझा देह. तिथून मी अकोल्याच्या दुकानात आलो आणि मग मानोऱ्याच्या एका मंडपवाल्याकडे. पोहरादेवीच्या यात्रेत चुकलेल्या माणसांची नावं मी पुकारली. लग्नांत पंगती उठवल्या. कोणीही यावं, माझ्या डोक्यावर टिचक्या माराव्यात, ‘हॅलो, हॅलो’ म्हणून फुंकर घालावी. मला त्याचं काही वाटत नसे. मंडपवाल्याने बिनतारी माइक घेतले आणि मला पवनला विकलं.

पवन या कॅफेचा मालक. शिकायला पुण्याला गेला होता. तिथल्या कॅफेंमध्ये लोक गाणी ऐकत बसतात हे बघून आला. “पुण्यात चालते त वाशीमात काहून नाई चालनार?” असं तो सगळ्यांना विचारायचा. त्याने कोपऱ्यात लाकडी चौथरा बांधला, वर पिवळे दिवे सोडले, एक उंच स्टूल ठेवलं. दर शनिवारी संध्याकाळी गाणं. पण सुरुवातीचे शनिवार कोरडे गेले. गाणारे गात, कॉलेजातली मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून मॅगी खात.

मग अमरदीप आला. गाण्यासाठी नव्हे, भिंती रंगवायला. किन्हीराजाकडच्या एका तांड्यातला हा बंजारा तरुण शिडीवर उभा राहून ब्रश चालवत होता आणि स्वतःशीच गात होता. पवन खाली थबकला.

“कोन गाऊन राह्यलं बे? तू?”

अमरदीपने नुसती मान हलवली. तो बोलणं टाळायचा, कारण बोलताना शब्द त्याच्या जिभेवर अडकून बसत. गाताना मात्र एकही अक्षर अडत नसे.

त्या शनिवारी त्याने मला प्रथम हातात घेतलं. नखांत अजून निळा रंग होता. ओल्या भिंतीला बोट लागू नये म्हणून जपावं, तसं त्याने मला जपून धरलं. होळीला तांड्यावर म्हणतात ती लेंगी त्याने म्हटली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यातून किती आवाज गेले असतील! पण त्या दिवशी माझा पडदा पहिल्यांदा सुखाने थरथरला. पुढच्या टेबलाशी राखी नावाची कॉलेजातली मुलगी डोळे मिटून ऐकत होती. पुढे दर शनिवारी ती यायची, आणि तिचे डोळे मिटले की अमरदीप गाणं सुरू करायचा.

महिना असा छान गेला. मग एकदा पवन सहज म्हणाला, “गान्याचं नाव त सांग लोकाइले.”

अमरदीप सांगायला गेला आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. तेच अक्षर माझ्यातून पुन्हा पुन्हा, मोठं होऊन, चारही भिंतींवर आपटलं. कोणीतरी हसलं. मग एक टेबल हसलं. मग मोबाइल वर झाले. पवनने ते मोबाइल पाहिले.

पुढच्या शनिवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. कोणाचं तरी रील गावभर फिरलं होतं.

“आता हरेक गान्याच्या आंधी दोन शब्द बोलत जाय,” पवन म्हणाला.

“म... मी नु... नुसतं गातो ना.”

“गानं त कोनीबी म्हनते. तुह्यावानी बोलते कोन?” पवन हसत म्हणाला. “नसन जमत त राहू दे. शिडीवर गाय मंग.”

अमरदीपला ऐकणारी दुसरी जागा सगळ्या जिल्ह्यात नव्हती. तो बोलू लागला. लोक हसत, मग तो गाई, आणि गाणं चालू असताना लोक आपापल्या मोबाइलमध्ये त्याचं बोलणं पुन्हा बघत. राखीही आता डोळे मिटत नसे. तिनेही मोबाइल वर धरलेला असे.

ऊसतोडीचा हंगाम संपला आणि त्याची आई, कमलीबाई, तांड्यावर परतली. लेक मोठ्या हॉटेलात गातो हे तिच्या कानी आलं होतं. आरसे लावलेली कांचळी घालून, कानाजवळ चांदी लोंबवून ती कॅफेत आली. खुर्चीच्या अगदी काठावर, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसली. लोक अमरदीपकडे बघून हसत होते तशी तीही हसत होती. लेकामुळे एवढी माणसं खूश झालीत, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात पवन मोठ्याने म्हणाला, “आज अमरदीपची माय आली हाय! अमरदीप, वळख करून दे!”

बंजारा आईला याडी म्हणतात. अमरदीपने मला तोंडाशी धरलं.

“ही मा... माही या... या... या...”

“आलो! आलो!” मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं. सगळा कॅफे हशाने फुटला. तो “या... या...” म्हणे आणि पोरं हात वर करून “आलो, आलो!” म्हणत. माझी तार त्या क्षणी तुटावी असं मला वाटलं. पण पवनने ती नुकतीच नवीकोरी जोडली होती.

कमलीबाईला वाटलं, लेक आपल्यालाच बोलावतो आहे. ती कप ठेवून लगबगीने उठली. “आली रे बेटा, आली!” म्हणत चौथऱ्यावर चढली. हशाचा असा लोट उठला की माझी जाळी हादरली.

मग तिने लेकाचं तोंड जवळून पाहिलं.

तिने ओढणीने त्याचा घाम पुसला. “काहून हासून राह्यले रे हे?” ती हळूच म्हणाली. पण मी मधेच होतो. तिचा प्रश्न सगळ्यांनी ऐकला.

मला वाटलं, आता कोणाला तरी लाज वाटेल. मागून कोणीतरी बारीक आवाज काढला, “या... या...” आणि पुन्हा सगळे हसले. राखीही हसली. कमलीबाई लेकाचा हात धरून पायऱ्या उतरली.

अमरदीप पुढच्या शनिवारी एकटाच आला. कोणाशी बोलला नाही. थेट लेंगी सुरू केली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत, मित्रांनो, गाण्यातला शब्द अडकला. आजवर कधी अडकला नव्हता. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. त्या संध्याकाळी लोक सगळ्यांत जास्त हसले.

त्याने मला स्टुलावर हलकेच ठेवलं आणि तो निघून गेला.

दोन-चार शनिवार लोकांनी विचारलं, “तो तोतरा नाई का आज?” मग येणं थांबवलं. पवनने चौथऱ्यावर आइस्क्रीमचा फ्रीझर मांडला आणि मला कपाटात टाकलं.

परवा रंगकामाचा ठेकेदार प्रेमसिंग आला होता. पवनने त्याला अमरदीपचं विचारलं.

“येते ना कामाले,” प्रेमसिंग म्हणाला. “पन तोंडातून आवाज नाई. शिडीवरबी गात नाई आता. त्याची माय म्हनते, झोपीत कधी गुनगुनते, अन् दचकून जागा होते.”

“अरेरे,” पवन म्हणाला. “लय गर्दी खेचे.” आणि त्याने कपाट लावून घेतलं.

मित्रांनो, मला सांभाळा, पुसून ठेवा, असं काही मी मागत नाही. माझ्यासमोर उद्या कोणी उभा राहील, त्याचा शब्द अडेल, सूर चुकेल, पाय कापतील. तेव्हा जरा थांबा. माझ्यात आलेला आवाज मला गिळता येत नाही. तुम्हाला तुमचं हसू गिळता येतं.