हात न लागलेली बाग

मॅडम दारात आल्या तेव्हा हे काठीवर रेलून शेवटच्या झुडपाला गोल आकार देत होते आणि मी जमिनीवर बसून गवताची कड कापत होते. पहाटे साडेपाचपासून आमचं चाललं होतं. मॅडमच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी बागेवरून एकदा नजर फिरवली, कप पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी स्वतःही बसल्या.

"काय केलंत हे?" त्या म्हणाल्या.

यांना वाटलं, कौतुकच आहे. "झालंच मॅडम. पाहुणे यायच्या आत कुंड्याही पुसून होतील," हे म्हणाले.

यांना या बागेत माळी म्हणून एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षांत एकदाच रजा घेतली, तीही गुडघ्याने घ्यायला लावली म्हणून. ऑपरेशन झालं आणि नऊ आठवडे हे घरी पलंगावर. बदली माणूस बघू का, असं मॅडमनी विचारलं होतं, पण माझ्या झाडांना दुसऱ्याचा हात चालत नाही म्हणून यांनी साफ नकार दिला. मग रोज सकाळी पडल्या पडल्या मला सांगायचे, आता गवत घोट्यापर्यंत आलं असेल, आता पोटरीपर्यंत. गुडघा इथे आखडलेला आणि जीव तिथे गवतात अडकलेला. मी शिवणाच्या मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसायची आणि हूं हूं म्हणायची.

मंगळवारी मॅडमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा फोन आला. सहज बोलता बोलता त्या म्हणाल्या की गुरुवारी मासिकवाले येणार आहेत, मॅडमशी गप्पा मारायला आणि बागेचे फोटो काढायला. हे ताडकन उठून बसले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण नऊ आठवड्यांचं रान वाढलेली आपली बाग फोटोत जाणार, हे ऐकून कुठला माळी अंथरुणात राहील? शेवटी ठरलं ते असं, की उभ्याने होईल ते हे करतील आणि वाकून करायचं ते मी. गवताची कड मी कापली. आयुष्यभर शिवण करणाऱ्या बाईला वाकडं कापता येत नाही, त्यामुळे कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आली होती. नऊच्या सुमाराला बाग भांग पाडून शाळेत निघालेल्या पोरासारखी दिसत होती. मी तर खूश होते.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. त्या लोकांची घरं सजवून देतात, पण खरा धंदा वेगळाच आहे. त्यांना काय आवडतं, हे लोकांना कळवणं. त्यांनी दिवाणखान्यातला गालिचा उचलला की महिन्याभरात गावभरचे गालिचे माळ्यावर जातात. हे आजारी असताना त्यांच्याकडे कुणीतरी आलं, खिडकीतून कमरेएवढं गवत बघून चपापलं, आणि मॅडम म्हणून गेल्या, "मी बागेला मोकळं सोडलंय." बोलाफुलाला गाठ पडली. ऐकणाऱ्याला ते फार आवडलं, हळूहळू मॅडमनाही आवडायला लागलं, आणि चोखंदळ माणसांशी गप्पा छापणाऱ्या त्या मासिकाने हीच बाग मुखपृष्ठावर घ्यायची ठरवली. ही सगळी हकिगत माळ्याला सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पायरीवर बसून मॅडमनी आम्हाला ती त्या वेळी सांगितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या बोलत होत्या. यापुढे बाग कापायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मग मी?" यांनी विचारलं.

"आपण नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या.

नंतर बोलू म्हणणारी माणसं आधीच ठरवून बसलेली असतात, हे मला आठ वर्षं एका शिवणाच्या दुकानात काढून कळलेलं आहे. यांना बागेखेरीज दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नाही. बागेवाचून हा माणूस घरात बसला तर वर्षभरात वाळून जाईल, हे नऊ आठवड्यांत मी बघितलं होतं.

हे काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "कापलेलं सगळं शेडमागे ढिगात आहे, मॅडम. परत लावू. दोन तास टिकेल."

आम्ही तिघांनी मिळून ते तण परत लावलं. मी भोकं पाडायची, मॅडम काड्या खोचायच्या, हे पाणी घालायचे. गोल केलेल्या झुडपांत कापलेल्या फांद्या घुसवल्या. पांढरे कपडे घातलेल्या मॅडम गुडघ्यांवर रांगत होत्या आणि त्यांच्या कोपराला चिखल लागला होता. पण जित्याची खोड! हे काठीने जागा दाखवायचे त्या एका ओळीत, उंच मागे आणि बुटकं पुढे. ओळीत नको, मॅडम कळवळून सांगायच्या, आणि मग स्वतः इथे तीन, तिथे पाच, मध्ये मोकळी जागा, असा दिवाणखाना लावल्यासारखं लावायच्या. शेवटी मी दोघांनाही बाजूला व्हायला सांगितलं, डोळे मिटले आणि हाताला येईल तसं खोचत सुटले. एवढं ओबडधोबड काम मी जन्मात केलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, हे बरोबर आहे.

अकराला मासिकाची बाई आणि फोटो काढणारा असे दोघं आले. आम्ही दोघं शेडच्या दाराआड उभे राहिलो. गप्पा घरापासून सुरू झाल्या. दिवाणखान्यातली मोठी भिंत कोरी का, असं तिने विचारलं. भिंतीलाही श्वास घ्यावासा वाटतो, असं मॅडम म्हणाल्या. त्या भिंतीवरचं चित्र खिळ्यासकट खाली आलं होतं आणि काच अजून बसवून झाली नव्हती, हे मला मावशींकडून ठाऊक होतं. मग बागेचा विषय निघाला. बागेला काही सांगायचं नसतं, तिचं ऐकायचं असतं, असं मॅडम म्हणत होत्या, आणि बाग उन्हाने एकेक मान टाकत होती. बाईची पाठ वळली की हे लंगडत बाहेर जायचे, झारीने पाणी शिंपडायचे आणि परत यायचे.

इतक्यात मासिकाच्या बाईने एक पिवळं फूल तोडायला हात घातला आणि अख्खी काडी वर आली. खालचं टोक कात्रीने कापलेलं, स्वच्छ. ती बघत राहिली. यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बघा ना," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "इथे मुळंसुद्धा हट्ट धरत नाहीत."

बाईने ते वाक्य लिहून घेतलं. मी तोंडात पदर कोंबला. आणि मी हसत असतानाच तिने विचारलं, "म्हणजे या बागेला माळी नाहीच?"

मॅडमनी शेडकडे बघितलं. फार नाही, क्षणभरच.

"नाही," त्या म्हणाल्या. "माळी नाही."

माझं हसू तिथेच विरलं. यांच्या हातातली झारी कलती झाली होती आणि पाणी त्यांच्याच चपलांवर पडत होतं. ते त्यांना कळतही नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मॅडम शेडपाशी आल्या. हे तोवर सुकलेल्या काड्या उपटून परत ढिगात टाकायला लागले होते, कारण बागेत कचरा ठेवून घरी जाणं यांना जमत नाही.

"तुम्ही ऐकलंत," मॅडम म्हणाल्या. "तसं म्हणावं लागलं."

हे मुळात अबोल आहेत. लग्न ठरलं तेव्हाही माझ्याशी तीन वाक्यं बोलले होते, त्यातलं एक खताबद्दल होतं. पण त्या दिवशी बोलले.

"मॅडम, हे असंच सोडलंत तर सहा महिन्यांत नुसतं काटेरी तण उरेल. ते बाकीच्यांना जगू देत नाही. पिवळी फुलं हवीत तर ते रोज उपटायला लागेल. वेल झाडावर चढलेला हवा, पण झाड मरायला नको. बाग आपोआप वाढल्यासारखी दिसायला हवी असेल ना, तर माणूस लागतो."

मॅडम बराच वेळ कोपरावरचा वाळलेला चिखल खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "या तर मग. पण... सकाळी लोक उठायच्या आत आलात तर बरं."

घरी येताना मी वाटभर बडबडले. एकतीस वर्षं राबलेल्या माणसाने चोरासारखं यायचं आणि चोरासारखं जायचं, म्हणजे काय? मला मॅडमचा राग आला होता आणि यांचा त्याहून जास्त. हे एवढंच म्हणाले, "बाग राहिली ना."

तेव्हापासून आम्ही दोघं पहाटे जातो. वाकायचं काम अजून माझ्याकडेच आहे. कापलेलं दिसू नये म्हणून हे पान न् पान हाताने खुडतात, आणि कात्री जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून नेतात-आणतात. फक्त फाटकाजवळ हातभर गवताची कड मी रोज सरळ कापते. यांनीच सांगितलं होतं, "एवढी तरी राहू दे."

मासिक निघालं. मुखपृष्ठावर कमरेएवढ्या गवतात मॅडम, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'या बागेला माळी नाही'. यांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. चष्मा चढवून हे फोटोचा खालचा कोपराच बघत होते. "तुझी कड आलीय बघ," म्हणाले. तो अंक मी मशीनच्या खणात ठेवलाय.

आता सुटीच्या दिवशी लोक बाग बघायला फाटकाशी उभे राहतात. एका रविवारी आम्ही दुपारचे तिथून चाललो होतो. वेलाने वळण घेतलंय का, ते यांना बाहेरूनच बघायचं होतं. फाटकाशी एक तरुण जोडपं उभं होतं. ती मुलगी यांना म्हणाली, "कुणाचा हात लागलेला नाही, लगेच कळतं ना, काका?"

"कळतं," हे म्हणाले.

तिचा नवरा खाली वाकला होता. "ही कड मात्र एकदम सरळ आहे," तो म्हणाला.

"होते कधीकधी आपोआप," हे म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी मागेच उभी होते, म्हणून मला दिसले. नखांत हिरवं होतं आणि अंगठ्यावर काट्याचा सकाळचा ओरखडा.