आत्याची पाठ

बारशाला आत्याच्या पाठीवर बुक्के बसतात. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायला ती वाकली, की मागे टपून बसलेल्या बायका हात सैल सोडतात आणि ती ओरडत, हसत मार खाते. मला त्या माराची ओढ लागली होती. आखातात नोकरी करणारी पन्नाशीची एकटी बाई मी. दिवसभर हमद पोर्टच्या क्लिअरिंग ऑफिसातले कागद आणि संध्याकाळी अल मुंतझातल्या फ्लॅटमध्ये फ्रिजची घरघर. चुकून कुणाचा धक्का लागलाच, तर तो माणूस 'सॉरी मॅडम' म्हणत मागे सरतो. त्यामुळे धाकट्या भावाला, अमेयला, मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा मला आधी बारसंच आठवलं.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी ते निवडलं आणि कुणालाही सांगितलं नाही. अमेयनं खोदून खोदून विचारलं, त्याला म्हटलं, "कानात सांगेन तेव्हा ऐक."

बाळ घरी आलं त्या दिवशी मी ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांच्या घरी गेले, तर भावजय नूपुर दारातच आडवी. "ताई, हात कोपरापर्यंत धुवा, मास्क लावा. आणि पापा कुणीच घ्यायचा नाही हं." तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणार, हे मला कळत होतं. तरी डोकं फिरलंच. "आम्ही दहा जणांच्या मांडीवर वाढलो, काही मेलो नाही," म्हणाले, चहा अर्धा टाकला आणि बाळाला लांबूनच बघून निघाले. अमेय लिफ्टपर्यंत "ताई, अगं ताई" करत आला. मी वळून पाहिलं नाही.

घरी आले ती तापानं फणफणले. पेज करून द्यायला कुणी नव्हतं, आणि भांडून आल्यावर फोन कुठल्या तोंडानं करायचा? पडून राहिले. बारशाच्या आदल्या दिवशी ताप उतरला आणि ओठाच्या कोपऱ्यावर जर उठला, पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबकाच. मी खूश झाले. आमच्याकडे म्हणतात, जर उठला म्हणजे ताप बाहेर पडला, माणूस बरा झाला. फक्त फोटोत वाईट दिसेल, म्हणून तो झाकणारं मलम आणायला खाली फार्मसीत गेले.

तिथला उसामा हा इजिप्तचा, आणि तोंडाचा गोड. "कुठे पार्टी, मॅडम?" त्यानं इंग्रजीत विचारलं. उद्या भाचीचं बारसं, बाराच दिवसांची आहे, असं सांगितल्यावर त्याचा हात मलमावरच थांबला.

"तुम्ही तिला जवळ घेणार?"

"आत्या आहे मी. माझ्याच मांडीवर देणार."

"नाही मॅडम. खलास. ही खपली पडून कातडी स्वच्छ होईपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही."

मी वाद घातला. ताप तर गेला की! तो म्हणाला, ताप गेला, पण जाताना याला जागं करून गेला. या फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो. पाप्यानं पसरतो, फोडाला लागलेल्या बोटानंही पसरतो. मोठ्या माणसाला नुसता फोड येतो. पण इतक्या लहान बाळाच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नसते. मेंदूपर्यंत जातो. काही बाळं वाचत नाहीत.

"पण मला कुठून आला? मी तर कुणाच्या जवळसुद्धा जात नाही."

"आत्ता नाही आला. लहानपणीच कुणीतरी दिला असेल, पापा घेताना. मग तो जन्मभर नसांमध्ये झोपून राहतो. ताप, ऊन, दमणूक झाली की उठतो."

मलम घेऊन मी जिना चढले. मला नाशिकची माझी आत्या आठवली. दर उन्हाळ्यात तिच्या ओठावर हे असंच उठायचं, आणि मला पोटाशी धरून ती गालाचे, कपाळाचे मटामटा पापे घ्यायची. माझं नाव मालविका, तेही तिनंच ठेवलेलं. तिच्यानंतर मला तसं कुणी जवळ घेतलेलं नाही. तिनं दिलेलं ते दुखणं मात्र अजून माझ्यासोबत राहतंय. मला तिचा राग येईना, रडू आलं.

मास्क लावून कोपऱ्यात बसले तर? कुणी बाळ मांडीवर दिलंच नाही तर? आत्याबाईला मिशा असत्या तर! बाळ आत्याच्याच हातात येणार, आणि मी स्वतःला ओळखते. मास्क खाली ओढून मी पापा घेतला असता.

नूपुरला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही तिला घेतलं होतं का?"

"नाही गं. रागावून गेले ना मी, हातही लावला नाही."

तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं झालं रागावलात," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "ताई, बारसं पुढे ढकलू का?"

"नको. तुझ्या आईबाबांचं परतीचं तिकीट आहे. उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी घरातच नवी साडी नेसले. अमेयनं व्हिडिओ कॉल लावला. पाळणा, झेंडूच्या माळा, नूपुरच्या मैत्रिणी. तिची मैत्रीण गार्गी आत्याच्या जागी बसायला तयारच होती, पण नाव कुणाला ठाऊक होतं? नूपुर म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा. हा फोन मी स्पिरिटनं पुसून घेतलाय." आणि तिनं तो बाळाच्या कानाशी धरला.

पडद्यावर नुसता एक गुलाबी, लवदार कान दिसत होता. मी वाकले, फोनला ओठ जवळजवळ टेकवले आणि म्हटलं, "कुर्र... शाल्मली."

तिकडे बायकांचा एकच गलका उठला. "अगं, मारा, मारा!" "कुणाला मारू? आत्या कुठाय?" सगळ्या हसल्या, मग पाळणा म्हणायला लागल्या, आणि कुणाच्या तरी हातून फोन बंद झाला.

मी तशीच वाकून बसले होते. पाठ मारासाठी पुढे केलेली होती. ती सरळ करायला मला बराच वेळ लागला.