देऊन बसणे

रूपाली बालाघाटात भाड्याच्या खोलीत राहून दोन कामं करायची. सकाळी एका खाजगी शाळेत हिंदी शिकवायची आणि उरलेल्या वेळात एका विद्यापीठाच्या भाषा-प्रकल्पासाठी लोकांचे आवाज गोळा करायची. प्रकल्प एकाच क्रियापदाचा होता. जगातल्या वेगवेगळ्या भाषांत 'देणे' कसं म्हणतात, ते नकाशावर मांडायचं. नकाशातल्या गावावर बोट ठेवलं की तिथल्याच माणसाच्या तोंडून वाक्य ऐकू यायला हवं. बालाघाट जिल्ह्यातली मराठी रूपालीच्या वाट्याला आली होती.

प्रकल्पाचे प्रमुख गजेंद्र सर फोनवर बोलताना रंगून जात. मल्याळममध्ये म्हणे मला किंवा तुला द्यायचं तर एक क्रियापद आणि तिसऱ्या कुणाला द्यायचं तर वेगळंच. जपानीतही तसंच काहीसं. न्यू गिनीतल्या एका भाषेत तर 'देणे'चा धातूच नाही. देणाऱ्याची खूण आणि घेणाऱ्याची खूण एकमेकींना चिकटवली की दिलं असं समजायचं.

"मध्ये काहीच नाही, रूपाली! नुसता देणारा आणि घेणारा."

रूपाली हसली होती. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. तीही दिलेली होती.

तिरोडीचे तेजराम हे तिचे जन्मदाते वडील आणि अनुसया आई. त्यांना जुळ्या मुली झाल्या. एक संध्या, एक रूपाली. तेजरामांची बहीण चंपाबाई लांजीला राहायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. बारशाला आलेली चंपाबाई परत निघाली ती रूपालीला कुशीत घेऊन. तेव्हापासून चंपाबाई आई झाली आणि अनुसया मामी. हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. रूपालीलाही शाळेत असतानाच कळलं होतं. पण त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं.

लांजीच्या घरात तिला काही कमी पडलं नाही. तरी एक गोष्ट तिला कुरतडत राहायची. दोघी होतो, मग मीच का? मी काळी होते म्हणून? अशक्त होते म्हणून? मागच्या उन्हाळ्यात संध्याचं लग्न झालं. तेव्हा नवरीची करवली म्हणून चुलतबहीण दीपिका उभी राहिली. अनुसयानं मांडवातल्या गर्दीत रूपालीकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. रूपाली पाहुण्यांच्या पंगतीत जेवली आणि संध्याकाळच्या बसनं निघून आली.

सरांनी वाक्यांची यादी पाठवली तेव्हा खाली एक ओळ होती. आपल्या भागाला साजेशी काही वाक्यं स्वतः जोडावीत. रूपालीनं धानाचं एक जोडलं, बैलाचं एक जोडलं. आणि मग तिसरं लिहिलं. माँ ने अपनी बच्ची ननद को दे दी।

आवाज कुणाचा घ्यायचा हेही तिनंच ठरवलं. मामीच्या बोलण्यात हिंदी कमी आहे, जुनी बोली आहे, असं तिनं सरांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच सांगायला सोपं गेलं.

तिरोडीला ती पोचली तेव्हा अनुसया ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. तेजराम बाजाराला गेले होते. रूपालीनं तिच्या पदराला छोटा माइक लावला आणि समजावलं. मी हिंदीत म्हणेन, तुम्ही आपल्या बोलीत म्हणा. मग तेच 'मी' लावून. मग पुढं होणार असल्यासारखं. मग नाही म्हणून. बोललेलं सगळं जगभर ऐकू जाईल, चालेल ना?

"माह्या बोलन्यात काय ऐकतीन वं लोकं?" अनुसया हसली. "पुस, पुस. चालते."

सासूनं सुनेले लुगडं देल्लं. बाईनं गायीले पानी देल्लं. त्यानं मले जाऊ देल्लं नाही. अनुसयाला मजा यायला लागली होती. तिचे हात सुपात चालूच होते.

मग रूपालीनं ते वाक्य म्हटलं. तिचा आवाज आधीच्या वाक्यांसारखाच सपाट होता. तसा राहावा म्हणून तिनं खोलीत सराव केला होता.

सुपातले हात थांबले.

"मायनं... आपली पोरगी नंदेले देल्ली."

"आता 'मी' लावून, मामी."

"मी आपली पोरगी नंदेले देल्ली."

"पुढं होणार असल्यासारखं."

"मी आपली पोरगी नंदेले देईन."

"आता नाही म्हणून."

अनुसयानं वर पाहिलं नाही. ती तांदळातल्या एका खड्याकडे बघत राहिली. "मी," ती म्हणाली, मग थांबली. "मी आपली पोरगी नंदेले देल्ली नाही." आणि मग, न विचारता, हळूच म्हणाली, "देऊन बसली मी."

माइकचा लाल दिवा चालूच होता.

"अजून हाय काय वं काही?"

"नाही मामी. झालं."

"बकरीले चारा टाकून येतो," असं म्हणत अनुसया उठली आणि परसात गेली. ती बराच वेळ आली नाही. रूपालीनं दारातून डोकावलं. बकरी दावणीला नव्हतीच, कुणीतरी चरायला नेली होती. अनुसया भिंतीला पाठ लावून चाऱ्याची पेंढी छातीशी धरून उभी होती. रूपालीला जवळ जायला हवं होतं. ती गेली नाही. ओसरीत येऊन तिनं पिशवी भरली आणि "मामी, बसची वेळ झाली, येते मी" असं मोठ्यानं सांगून बाहेर पडली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला कळलं की आपल्याला हवं होतं तेच झालं. मामीला दुखवायचं होतं. आता त्या पेंढीभोवती घट्ट धरलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

दोन-तीन दिवसांनी सरांचा फोन आला. ते खुशीत होते.

"रूपाली, ते शेवटचं कुठून मिळालं? 'देऊन बसली मी'! हिंदीत 'दे बैठी' म्हणता येतं, पण पुढं? इतर भाषांवाले विचारतायत, ही बाई दिल्यावर बसली का? मशीननं तर तसंच भाषांतर केलंय. दिलं आणि खाली बसली. त्यांना कसं समजवायचं, की बसणं म्हणजे आता परत फिरता येत नाही, हातचं गेलं, आणि आपल्याच हातानं गेलं! आपण हे वाक्य नकाशाच्या पहिल्या पानावर लावू."

"नको, सर."

"का? त्यांची परवानगी तर तू घेतलीयस. ध्वनिफितीत आहे."

"ते वाक्य तुमच्या यादीत नव्हतं. मी टाकलं होतं."

"हो, पण ते तर आम्हीच सांगितलं होतं."

 रूपाली एवढंच म्हणाली, की बाई नात्यातली आहे आणि वाक्य तिच्या घरातलं आहे.  सर नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "मग तूच जाऊन विचार. त्या ठेव म्हणाल्या तर ठेवू. नको म्हणाल्या तर काढू."

रविवारी ती तिरोडीला गेली. तेजरामांनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "येतोच जरा" म्हणून टोपी घालून बाहेर निघून गेले. अनुसया ओसरीत होती. रूपाली तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मामी, ते पोरीचं वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं. तिकडून आलं नव्हतं ते."

"मले तवाच समजलं," अनुसया म्हणाली. "गायीचं, लुगड्याचं कोनीबी पुसन. हे तुह्याबिगर कोन पुसन?"

"मग म्हटलं काहून तुम्ही? नाही म्हणायचं होतं."

"तू पुसून राह्यली होती ना. एवढी मोठी झाली, कधी पुसलं नाही. मले वाटे, आज पुसन, उद्या पुसन. दिवाळीले आली का मी वाट पाहो." तिनं रूपालीकडे पाहिलं. "असं पुसशील हे नव्हतं वाटलं."

रूपालीला मान वर करता येईना. तरी इतकी वर्षं अडकलेला प्रश्न तिच्या तोंडून निघालाच.

"मीच काहून, मामी? संध्या काहून नाही?"

 अनुसयानं पदरानं तोंड पुसलं.

"संध्या रडून राह्यली होती. दोन दिवसांपासून. खाली ठेवली का अजून रडे. तू निजली होती. निजलेलं लेकरू उचलून देता येते, बाई. रडतं लेकरू आंगावरून सोडता नाही येत."

"एवढंच?"

"एवढंच. काही मोठं कारन असतं तर मी तुले केव्हाच सांगतलं असतं. एवढुसं हाय म्हून सांगता नाही आलं. तू मले त्रास नाही देल्ला, आन मी तुलेच देऊन बसली."

काळी नव्हती, अशक्त नव्हती, नकोशी नव्हती. झोपली होती. रूपालीला हसू येईल असं वाटलं आणि मग तिचे खांदे हलायला लागले. अनुसयानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण अलगद, दुसऱ्याच्या वस्तूवर ठेवावा तसा.

"आईनं मागितलं होतं काय मला?" रूपालीनं विचारलं.

"नाही, नाही. तिनं काही मागतलं नाही. मीच म्हटलं, घेऊन जा. तिचा काही दोष नाही." हे अनुसया फार पटकन बोलली.

"ते वाक्य काढून टाकू मी?"

"राहू दे. खरं हाय ते."

तिथून रूपाली बालाघाटला न थांबता किरनापूरच्या रस्त्यानं सरळ लांजीला गेली. चंपाबाई अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. रूपाली अशी अवचित आलेली पाहून तिला आधी आनंद झाला, मग ती घाबरली.

"काय झालं वं? तब्येत बरी हाय ना?"

रूपालीनं सगळं सांगितलं. आपण काय केलं, मामी काय म्हणाली, झोपलेल्या पोरीचं, सगळंच. चंपाबाई हातातल्या लुगड्याची घडी घालत ऐकत राहिली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी मागतलं नाही, असं म्हनाली ते?"

"हौ."

"खोटं बोलली." चंपाबाई खाटेवर बसली. "मी मागतलं. अनुसयाले ताप होता. दूध पुरत नव्हतं. मी तिच्या उशाशी बसून म्हटलं, वहिनी, तुले दोन हायत, एक मले दे. बाळंतीन होती ते, डोळे उघडे ठेवता येत नव्हते तिले. मी निरा म्हनतच राह्यली. भाऊबी तिथंच उभा होता, काही नाही बोलला. मंग तिनं हात उचलून दाखवलं, जे निजलं हाय ते ने." तिनं घडी मांडीवर ठेवली. "सकाळी तिचा ताप उतरला आन ते पोरगी कुठं हाय म्हून पुसत होती, असं भावानं मागून सांगतलं मले. मी तवा पह्यल्या गाडीनं निघून आलती. परत नाही गेली मी. घेऊन नाही गेली तुले. मले भेव वाटे, ते परत मागन."

अंगणात ऊन उतरलं होतं. रूपालीनं चंपाबाईकडे पाहिलं. हिनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, तापात रात्र-रात्र मांडीवर घेतलं. हिच्यावर रागावता येत नव्हतं. आणि आता जिच्यावर इतकी वर्षं रागावली होती तिच्यावरही येत नव्हतं. राग कुठंच ठेवायला जागा उरली नव्हती. उरली होती ती माइकसमोर बसलेली मामी आणि आपला तो सपाट आवाज. 'आता नाही म्हणून.'

तिनं तिथूनच सरांना फोन लावला आणि वाक्य काढायला सांगितलं. सरांनी 'का?' असं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी चंपाबाई तिच्यासोबत तिरोडीला निघाली. बालाघाटला बस बदलली, कटंगी मागे गेलं. तिरोडी जवळ आलं तेव्हा तिनं रूपालीचं मनगट धरलं.

"मी काय बोलू वं तिच्याशी?"

 आपण काय बोलायचं, रूपालीही तेच ठरवत होती.

दारात दोघींना पाहून अनुसया जागच्या जागी उभी राहिली. मग "या बाई" म्हणून तिनं सतरंजी अंथरली. तिघी बसल्या.  चंपाबाईच आधी म्हणाली, "वहिनी, पोरीले तू खोटं काहून सांगतलं? मी मागतली होती."

"मागतली तुम्ही, पन देल्ली मीच ना, बाई."

"तुले ताप होता."

"ताप होता म्हून काय झालं? हात मीच दाखवला. तुम्ही कायले आपल्या आंगावर घेता?"

"आन तू कायले घेते? मी तवाच परत आनाले पाह्यजे होती."

"आनली असती तं मी ठेवली असती काय? दूध कुठं होतं?"

दोघींचे आवाज चढले. दोघी रडत होत्या आणि एकमेकींना बोलूही देत नव्हत्या. रूपाली मधे बसली होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्या भांडणात तिला शिरायला जागा नव्हती. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

गॅस पेटवला, पाणी ठेवलं. साखर कुठं असते ते तिला माहीत नव्हतं. फळीवर डब्यांची रांग होती. बाहेर भांडण चालू होतं आणि तिला हाक मारून विचारवेना. तिनं पहिला डबा काढला, त्यात हळद होती. दुसऱ्यात मीठ. ती एकेक डबा उघडत राहिली.