गाईला उठायला लागणारी जागा

ज्या कोणा वरच्या साहेबांनी तो नियम लिहिला, त्यांनी उभ्या आयुष्यात बसलेली गाय उठताना पाहिलेली नाही. हा माझा आरोप आहे आणि तो मी तोंडावर करतो. पाहिली असती, तर ‘केबिन आणि हौदा यांच्यामध्ये सलग भिंत असलीच पाहिजे’ हे वाक्य सगळ्या गाड्यांना सरसकट लावताना त्यांचं पेन एकदा तरी अडखळलं असतं. ते अडखळलं नाही. त्या एका वाक्यापायी मी चाळीस दिवस तपासणीच्या आवारात धूळ खात उभा राहिलो.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा एवढा तावातावाने भांडणारा आहे तरी कोण? मी एक जुना पिकअप आहे. खरं सांगायचं तर दोन जुन्या पिकअपचे दोन अर्धे जोडून झालेला एक. पुढचा मी बेकरीचा माल वाहायचो, मागचा मी खडी. एकाचा मागचा भाग गंजून गेला, दुसऱ्याचं इंजिन बसलं, आणि दोघंही एकाच भंगाराच्या दुकानासमोर येऊन पडलो. अजूनही ऊन तापलं की माझ्या केबिनमधून भाजलेल्या पिठाचा गोड वास येतो आणि मागून खडीची भुकटी गळते.

तिथून मला ठिणगीने उचललं. ठिणगी म्हणजे वेल्डिंगचं दुकान चालवणारी बाई. तिचं खरं नाव काय, ते आता तिलाही आठवून सांगावं लागत असेल. तिच्या कामाच्या एप्रनला इतकी भोकं पडली होती की त्यातून पीठ चाळता आलं असतं. तिच्यासोबत तिचा मामा असायचा. तो मेकॅनिक आणि ड्रायव्हर, शिवाय जगातल्या प्रत्येक विषयावर मत असलेला माणूस. तरुणपणी त्याने बारा वर्षं घोड्यांच्या तबेल्यात काढली होती, त्यामुळे जनावरांबद्दल कोणी तोंड उघडलं की मामाचं सुरू व्हायचं, “मला नका सांगू.”

मला बनवून घेतलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्या जनावरांच्या डॉक्टर. दवाखाना शहराच्या टोकाला आणि गोठे पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेले. आजारी गाय दवाखान्यात आणायची, तर कमरेएवढ्या उंच हौद्यात तिला चढवणार कोण? पाच जण मागून ढकलायचे, दोघं पुढून ओढायचे आणि गाय हंबरून सगळा गोठा डोक्यावर घ्यायची. पाय मोडलेल्या गाईची तर गोष्टच सोडा. डॉक्टरीणबाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “गाय गाडीत चढणार नाही. गाडीलाच खाली बसायला शिकव.”

ठिणगीने तीन महिने खपून मला खाली बसायला शिकवलं. माझा हौदा चासीवरून सुटा केला, त्याखाली दोन रूळ बसवले. एक हँडल फिरवलं की हौदा मागे सरकतो, हळूच कलतो आणि त्याची कड जमिनीला टेकते, शाळेतल्या घसरगुंडीसारखी. चालणारी गाय पायांनी चढते. न चालणारीला जाड रबरी चटईवर घ्यायचं आणि केबलने अलगद वर ओढायचं. पहिल्यांदा मी असा बसलो तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. मला विचाराल, तर मीही घातली असती. बोटं नाहीत, एवढंच.

पण मित्रांनो, माझ्या बांधणीत एक चूक झाली होती, आणि ती याच तिघांच्या हातून होऊ शकत होती. ठिणगीने भागातली सगळ्यांत थोराड गाय गाठून तिला नाकापासून शेपटीपर्यंत मोजलं, वर एक वीत धरली आणि हौदा तेवढाच केला. तिला बिचारीला लोखंड कळतं, गाय कळत नाही. तिने मामाला विचारलं, बसलेलं जनावर उठायला जास्तीची जागा लागेल का? मामा म्हणाला, मला नको सांगू, जनावर पुढचे पाय रोवतं आणि जागच्या जागी उभं राहतं. खरं आहे, घोडा तसाच उठतो. डॉक्टरीणबाईंनी हजारो गायी पाहिलेल्या, पण त्यांचं लक्ष नेहमी एक तर खुरावर, नाहीतर कासेवर. त्या काही बोलल्या नाहीत.

पहिल्याच फेरीला खूर सडलेली एक तांबडी गाय घेतली. वाटेत ती हौद्यात खाली बसली. दवाखान्यात पोचलो, तर उठेना. उठायला बघायची, तिचं कपाळ माझ्या केबिनच्या भिंतीवर आपटायचं आणि ती पुन्हा खाली. धाड. परत धाड. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे. गाईचा मालक, एक आडदांड दूधवाला, तोंड फिरवून रडायला लागला. त्याला वाटलं, आपली गाय संपली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, मामाने शेपूट धरून पाहिली, दोन तासांत सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

शेवटी हौदा टेकवून तिला चटईसकट जमिनीवर उतरवलं. उतरताक्षणी ती गुडघ्यांवर आली, मान पुढे लांबवून डोकं हातभर, दोन हात पुढे फेकलं, त्या झोक्याने मागचा भाग वर उचलला आणि मग पुढचे पाय सरळ करून उभी राहिली. एका दमात. वर शेणही टाकलं.

गाय मागून उठते, मित्रांनो. आणि मागून उठायला तिला पुढे जागा लागते. गाईत काही खोट नव्हती, खोट माझ्यात होती. मामाने टोपी काढली आणि म्हणाला, “ठिणगे, मला सांगायला हवं होतं कोणीतरी.” अख्ख्या जन्मात त्याने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं असावं.

हौदा लांब करता येत नव्हता. मागे वजन गेलं तर माझी पुढची चाकं हवेत. मग ठिणगीने केबिनची मागची भिंतच मधोमध, खालपर्यंत कापली. मधली सीट काढून टाकली. कापलेल्या कडांना गादी मढवली, वर रबराचा पडदा सोडला. आता हौद्यात बसलेली गाय उठायला लागली, की पडदा बाजूला होऊन तिचं डोकं सरळ केबिनमध्ये. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई आणि मध्ये ती.

अकरा वर्षं मी असा धावलो. ती माझी सगळ्यांत सुखाची वर्षं. सिग्नलला उभा राहिलो की शेजारच्या बसमधले लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. उभं राहून झालं तरी गायींना केबिन आवडायची, त्या डोकं मागे घ्यायलाच तयार नसायच्या. एका गाईने मामाचा कान चाटून चाटून लाल केला. एकीने डॉक्टरीणबाईंच्या औषधांची यादी खाल्ली, आणि त्या तिला म्हणाल्या, बरं झालं, आता तूच घे सगळी. एकदा एका काळ्या गाईला समोरच्या काचेवर जोरदार शिंक आली. मामा बराच वेळ वायपर फिरवत राहिला आणि काच पुसली का जात नाही म्हणून वायपरच्या कंपनीला शिव्या घालत राहिला. काच आतून भरलीय, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला पुढच्या वळणापर्यंत सांगितलं नाही.

मग एके दिवशी रस्त्यात मला अडवलं. नवा नियम आला होता. प्रत्येक गाडी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे, आणि सलग भिंत तर हवीच. माझ्या फायलीत लिहिलं, ‘वाहन मूळ रूपात आणावे.’ कुठल्या मूळ रूपात? बेकरीच्या की खडीच्या? ते मात्र कोणी लिहिलं नाही.

आवारात मी एकटा नव्हतो. जगात माझ्यासारखे किती वेडे आहेत, ते मला तिथे समजलं. माझ्या डावीकडे नऊ तुकड्यांची शिडी पाठीवर घेतलेला एक उंच पिकअप होता, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारा. उजवीकडे पोटात पाण्याची टाकी आणि हवेचे बुडबुडे सोडणारी नळी घेऊन माशांची पिल्लं तळ्यांत पोचवणारा. समोर एक परदेशातून जहाजाने आलेला म्हातारा, त्याला रबरी चाकांच्या आत लोखंडी चाकं होती, ती खाली सोडली की तो रेल्वेच्या रुळांवरून चालायचा. तो आम्हांला त्याच्या भावंडांच्या गोष्टी सांगायचा. एक म्हणे बर्फाच्या मुलखात चाकांऐवजी पट्टे घालून टपाल पोचवतो. दुसरा मिठाच्या सरोवरावर ढोलाएवढे टायर लावून चालतो, नाहीतर रुतेल. आम्ही सगळे हसायचो. सगळ्यांच्या फायलीत वाक्य मात्र एकच, मूळ रूपात आणावे.

त्या चाळीस दिवसांत डोंगराच्या पायथ्याला दोन गायी गेल्या. एक व्याल्यानंतर अंग गार पडून, दुसरी नुसत्या पायाच्या जखमेने. दोघींनाही दवाखान्यात आणायला गाडी नव्हती. हे मी हसत सांगणार नाही.

दुसरी गेली त्या दिवशी डॉक्टरीणबाई ठिणगीला आणि मामाला घेऊन थेट तपासनिसांच्या टेबलापाशी आल्या. तपासनीस म्हणजे सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. माणूस वाईट नव्हता, पण फायलीच्या बाहेर कधी आला नव्हता. ते म्हणाले, “तुमच्या गाडीत गाय ड्रायव्हरच्या मांडीवर बसते, असं इथे लिहिलंय.”

“मांडीवर नाही, साहेब,” ठिणगी म्हणाली. “फक्त डोकं पुढे येतं. बाकीची मागेच असते.”

तपासनिसांनी समजावलं, की भिंत माणसांच्या सुरक्षेसाठी असते. ठिणगी म्हणाली, मालासाठी असेल तर बरोबरच आहे, पण गाय हा माल आहे का, ते एकदा खाली येऊन बघा. डॉक्टरीणबाईंनी जवळच्या गोठ्यातून एक शांत पांढरी गाय आवारात आणली होती. ठिणगीने खडूने जमिनीवर हौदा आखला, पुढे भिंतीची रेघ ओढली. आता गाय बसायची आणि उठायची वाट पाहायची. गाईला घाई नव्हती. ती सावकाश बसली, रवंथ करत राहिली. तासाभरात सगळं ऑफिस खिडक्यांना लटकलं. तपासनीस घड्याळ बघून म्हणाले, यात काय दिसणार आहे? भिंत इथे असली तर असली.

ठिणगी म्हणाली, “मग साहेब, तुम्हीच भिंत व्हा. त्या रेघेवर उभे राहा.”

चारचौघांसमोर माघार कशी घ्यायची? ते रेघेवर उभे राहिले, फाईल छातीशी धरून. आणि नेमकं त्याच वेळी गाईला वाटलं, आता पुरे. ती गुडघ्यांवर आली आणि तिने डोकं पुढे फेकलं. फाईल पोटात, साहेब मातीत. गाय उठली आणि भिंत बसली.

खिडक्यांमधून हसण्याचा असा लोट आला की मासेवाल्या पिकअपच्या टाकीला तरंग उठले. डॉक्टरीणबाई पुढे धावल्या. पण तपासनीस मातीतच बसून होते, रागावलेही नव्हते. त्यांनी पहिल्यांदा गाईकडे पाहिलं, मग रेघेकडे, आणि म्हणाले, “टेप द्या जरा.”

स्वतः मोजलं. तीन फूट चार इंच. तिथेच, मांडीवर फाईल ठेवून त्यांनी लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली. बसलेल्या गाईस उठण्यासाठी पुढे एवढी जागा आवश्यक आहे. भिंत घातल्यास जनावर उठू शकणार नाही.’ त्यांनी स्वतःच्या अधिकारात मला तीस दिवसांचा तात्पुरता परवाना दिला आणि कायमच्या निर्णयासाठी फाईल वर पाठवली. शिडीवाल्याचं आणि मासेवाल्याचं प्रकरणही ते त्याच दुपारी पाहायला गेले, आणि या वेळी बूट बदलून गेले.

मित्रांनो, एवढंच लक्षात ठेवा. जुनी गाडी असो की जुनं माणूस, त्याच्यात काही वेडंवाकडं दिसलं, तर सरळ करायला धावू नका. ते तसं का झालं, हे आधी विचारा. माझं वाकडेपण कोणाच्या हौसेतून आलेलं नाही. एका गाईने कपाळ आपटून आपटून ते करायला लावलं.

आणि आता वरच्या साहेबांनो, तुमच्याशी बोलतो. फाईल पोचल्याची पावती आली आहे. पुढे काहीही आलेलं नाही. तपासनिसांनी तीन स्मरणपत्रं पाठवली, ठिणगी दोनदा तुमच्या दारात बसून आली. आज परवान्याचा अठ्ठाविसावा दिवस, शुक्रवार. रविवारी तो संपतो. डोंगराखालच्या शेवटच्या गोठ्यात एक पहिलटकरीण गाय आहे. तिच्या पोटातलं वासरू आडवं आहे. डॉक्टरीणबाईंनी काल हात घालून पाहिलं, आणि सांगितलं की दिवस भरत आलेत, सोमवारी सकाळी हिला दवाखान्यात आणून पोट उघडावं लागेल, गोठ्यात ते जमायचं नाही, आणि त्याआधी हलवलं तर हिसक्यांनी वेणा लवकर सुटतील. मामाने टायरमध्ये हवा भरून ठेवली आहे. ठिणगीने रुळांना ग्रीस लावलं आहे. त्या गोठ्याची मालकीण रोज फोन करून एकच विचारते, गाडी येणार ना?

सोमवारी सकाळी सात वाजता मी निघू की नको? तिला काय सांगायचं, ते लेखी कळवा. उद्या ऑफिस अर्धा दिवस उघडं असतं, मला माहीत आहे.