बिल क्रमांक एक

करखात्याचा फॉर्म दोनच पानांचा होता. कंपनीची नोंदणी झाली आहे, पण तिचा व्यवसाय अजून सुरू झालेला नाही, एवढंच त्यात कळवायचं होतं. मुलीने तो भरून ठेवला होता. माझी सही जिथे हवी तिथे तिने पेन्सिलीने फुली केली होती आणि कामावर जाताना बजावलं होतं की आज शेवटची तारीख आहे, चारला खिडकी बंद होते, तेव्हा वाचत बसू नका.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला असं सांगणं सोपं आहे. घरी मी मोह आवरला. पण रांगेत उभं राहिल्यावर हातातल्या कागदाकडे नाही तर कुठे बघायचं? माझ्यापुढे पाच माणसं उरली होती तेव्हा मी सातव्या प्रश्नाशी पोचलो. 'कंपनीच्या नावाने आजवर कोणतेही बिल देण्यात आले आहे काय?' मुलीने 'नाही'च्या चौकटीत खूण केली होती.

एक बिल दिलं गेलं होतं. ते मी दिलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मुलगी सरकारी अभिलेखागारात जुने कागद दुरुस्त करते. वीस वर्षं पूर्ण व्हायला तिला अठरा दिवस बाकी होते. वीस भरली की पेन्शन, नाहीतर काही नाही. त्यानंतर घरच्याच खोलीत लोकांची जुनी पुस्तकं दुरुस्त करायची, असं तिच्या मनात होतं. कंपनी नोंदायला वरिष्ठांनी लेखी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. नोकरी संपेपर्यंत कंपनीने एकही व्यवहार करायचा नाही. तो केला तर नोकरी जाणार होती. दुसरा संचालक लागतो म्हणून मी. कागदांवर सह्या करायच्या, एवढंच माझ्याकडे होतं आणि तेवढ्यातही मी घोळ घातला होता.

झालं असं की महिन्यापूर्वी नवीन बिलबुक छापून आलं. मी ते सवयीने तपासलं. एकही चूक सापडली नाही, म्हणून थोडा हिरमुसलोही. त्याच संध्याकाळी शाळेच्या ग्रंथपालबाई नकाशांचं पुस्तक न्यायला आल्या. त्यांची फाटकीतुटकी पुस्तकं मी कित्येक वर्षं फुकट चिकटवून देतो. या वेळी त्या म्हणाल्या की नवे मुख्याध्यापक प्रत्येक गोष्टीला कागद मागतात, काहीतरी लिहून द्या. साधी चिठ्ठी चालली असती. पण समोर ते कोरं बिलबुक होतं, वर मुलीने ठरवलेलं नाव ठसठशीत छापलेलं. मी कार्बन घातला आणि लिहिलं, 'नकाशांचे पुस्तक एक, पाठीची दुरुस्ती, विनामूल्य.' खाली सही केली, शिक्कासुद्धा मारला. मुलीला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे या वयात अशी हौस केल्याची लाज वाटली, म्हणून मी ते राहू दिलं.

खिडकीपाशी पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. आतल्या बाईंनी फॉर्म चाळला आणि सही राहिली आहे म्हणून परत सरकवला. मी पेन काढलं. हात काही पुढे जाईना.

"आजोबा, सही येते ना?" बाई म्हणाल्या. मागे कोणीतरी हसलं.

मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की एक बिल दिलंय, पण ते शून्याचं आहे. त्यांनी मान वर केली. मग त्यांनी समजावलं की इथे रक्कम विचारलेली नाही, बिल विचारलंय. बिल दिलं असेल तर व्यवसाय त्या तारखेला सुरू झाला असं धरणार, आणि त्याचा फॉर्म वेगळा. माझा चेहरा बघून असेल, त्यांनी एक वाट सांगितली. मूळ बिल परत मिळवा, म्हणाल्या. मूळ आणि कार्बनप्रत दोन्हींवर 'रद्द' लिहा, सोबत खुलासा जोडा, मग 'नाही' चालेल. पण ते कागद साहेबांपुढे जातील, आणि साहेबांना शंका आली तर ते मुलीच्या कार्यालयाला विचारतील.

"चारच्या आत," त्या म्हणाल्या. "चारनंतर मीसुद्धा इथे नसते."

मुलीला फोन करून उपयोग नव्हता. त्यांच्या दालनात फोन नेता येत नाही. कंपनीचे सगळे कागद असलेली पिशवी बगलेत मारून मी शाळेकडे निघालो. बस मिळाली, पण प्रत्येक सिग्नलला ती अशी थांबे की जणू कायमचीच थांबली. ग्रंथपालबाईंनी बिल फाइलला लावलं होतं. त्याच्या जागी काहीतरी हवं, म्हणून मी माझ्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, पहिल्यांदाच द्यायला हवी होती तशी. बिल हातात देताना त्या म्हणाल्या, "काका, एवढं काय त्यात? फाडून टाका आणि विसरून जा." हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. शाळेच्या जिन्यावर मी तो कागद दोन्ही हातांत धरून उभाही राहिलो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला, चहाच्या सुट्टीत ती दालनाबाहेर आली होती. दिला का फॉर्म, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"फाडा," ती म्हणाली. "कार्बनप्रतही फाडा."

मी म्हटलं की मग खाली सही करायची ती खोट्यावर होईल.

"सही तुमची आहे बाबा. वीस वर्षं माझी आहेत."

तिचं काय चुकलं होतं? चूक मी केली आणि आता सचोटीही मीच मिरवणार, तीही तिच्या पेन्शनच्या जिवावर. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका समासात दाखवल्या, निर्णय कधी घेतला नाही. पण त्या 'नाही'खाली सही करायला हात धजत नव्हता हेही तितकंच खरं. मी तिला तसंच सांगितलं. कागद तुझ्या हातात देतो, तू फाडलास तर मी कोणाला सांगणार नाही. पण मग सही तू कर, मला संचालकपदावरून काढ.

"तिथेच थांबा," ती म्हणाली. "तिथे म्हणजे खिडकीपाशी. येते मी."

साडेतीनला मी परत रांगेत होतो. पावणेचार झाले. माझ्यापुढे दोघं होते. मी एकाला पुढे जाऊ दिलं, मग दुसऱ्यालाही. खिडकीतल्या बाई घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या. चारला आठ मिनिटं असताना मुलगी दारातून आत आली. कामाचा कोट अंगावर तसाच होता. माझ्याकडे न बघता तिने हात पुढे केला. मी बिल दिलं.

तिने ते वाचलं. 'पाठीची दुरुस्ती, विनामूल्य' या ओळीवर तिचं बोट क्षणभर थांबलं. फाडेल असं वाटलं. मग तिने पिशवीतून बिलबुक काढलं, कार्बनप्रत उघडली, दोन्हींवर आडवं 'रद्द' लिहिलं आणि खिडकीच्या फळीवर वाकून चार ओळींचा खुलासा खरडला. त्यात तिने माझा उल्लेख 'संचालकांच्या अनवधानाने' असा केला. मी सही केली, तिने शेजारी केली. चारला एक मिनिट असताना शिक्का पडला.

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडून पोच मागून घेतली. करखात्याचं पत्र जाईल तेव्हा जाईल, त्याआधी आमच्या साहेबांना मीच दाखवते, म्हणाली. मी सोबत येऊ का, असं विचारलं.

"नको. तुम्ही तिथे माझी अख्खी सेवापुस्तिका वाचत बसाल."

ती हसली नाही, पण माझी पिशवी तिने घेतली होती.

तिच्या साहेबांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तिला लेखी समज मिळाली. वीस वर्षांत पहिलीच. नोकरी राहिली. अठरा दिवस भरले, पेन्शन मंजूर झालं. निरोपाच्या दिवशी तिच्या कामाबद्दल चांगलं बोलायचं ठरलं होतं, ते कोणी बोललं नाही. ती नेहमीच्या वेळेला घरी आली आणि चपला काढता काढता मला म्हणाली, "उद्यापासून पुस्तकं तुम्ही चिकटवा. बिलं मी लिहीन."