पाठीला चिमटे लावलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे. नांदूरघाटच्या बाजारात त्रिंबकचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे दाराआडच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. मित्रांनो, तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल, फक्त ओळखलं नसेल. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. फोटोतला माणूस प्रत्येक घरात वेगळा, पण त्याच्या अंगातला कोट मीच.

बीडच्या एका शिंप्याने मला एका नवरदेवासाठी शिवलं. माप बरोबर होतं, पण लग्नापर्यंत नवरदेव चांगलाच सुटला आणि मी त्याच्या काखेत अडकलो. त्याने मला रागारागाने टाकून दिलं, तेव्हा त्रिंबकने मला मागून घेतलं. तेव्हापासून जो पुरुष फोटोला बसला, त्याच्या अंगावर मी चढलो. मेंढरं राखणारा असो की बागायतदार, मी भेदभाव केला नाही. एका पुढाऱ्याचा निवडणुकीच्या बॅनरवरचा फोटो माझ्यातला, आणि तो गेल्यावर श्रद्धांजलीच्या बॅनरवरही तोच छापला. मी तेव्हा भारी फुशारकी मारायचो.

बारीक माणसाला मी ढगळ व्हायचो. मग त्रिंबक मागच्या बाजूने मला चुण्या घालून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. समोरून रुबाब, मागून चिमटे. फोटोत पाठ कुठे दिसते?

गेल्या उन्हाळ्यात आश्रुबा आला. आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेला माणूस. सोबत त्याची बायको बायनाबाई होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं. घरात त्याचा एकट्याचा असा एकही फोटो नव्हता, तो तिला हवा होता. कशाला हवा, हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका अशा वेशात तो स्टुलावर बसला. उजेड बघायला म्हणून त्रिंबकने आधी एक फोटो काढला. नेमकं तेव्हाच बायनाबाई म्हणाली, की आमच्या लग्नातसुद्धा हे असे ताठ बसले नव्हते, आणि आश्रुबाला हसू आलं. मग त्रिंबकने मला खिळ्यावरून काढलं.

"असाच ऱ्हाऊ दे की," आश्रुबा म्हणाला. "हाय तसा."

"घाला की, अवो," बायनाबाई म्हणाली. "जल्मात एकदा तरी."

तिच्यासाठी त्याने माझ्यात हात घातले. इतकं हलकं माणूस माझ्यात कधी शिरलं नव्हतं. त्याची हाडं माझ्या अस्तराला लागत होती आणि अंगात ताप होता. एका चिमट्याने भागलं नाही, चार लागले. मला त्याला धरून ठेवावंसं वाटलं, पण कोटाच्या हातात काय असतं?

पंधरवड्यात तो गेला. त्रिंबकने नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरवर त्याचे गाल भरले, रंग उजळला. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता, लोकांना तसंच आवडतं. तेराव्याला फोटोला हार पडला. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी बायनाबाई ती फ्रेम पदराखाली धरून स्टुडिओत आली.

"भाऊ, ह्यो कोण हाय?"

मावशी, आश्रुबामामाच आहेत, असं त्रिंबकने समजावलं.

"त्यांच्यासारका हाय. पण त्ये न्हाईत ह्याच्यात." मग तिला आठवलं. "आदी एक काढलता की. घोंगडीतला. हासले व्हते."

त्रिंबकने मान खाली घातली. उजेड बघायला काढलेले फोटो तो ठेवत नसे. लग्नसराईत कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना तो फोटोही पुसला गेला होता.

बायनाबाई रडली नाही. "मीच म्हनले, घाला म्हनून," एवढंच ती बोलली. मग तिने मला मागून घेतलं आणि नाकाशी धरलं. माझ्यात सगळ्या गावाचा घाम आणि पावडर, त्यात तिचा माणूस तिला कसा सापडणार? मला परत देताना तिचा हात माझ्या पाठीला लागला. चिमटे तसेच होते. आश्रुबानंतर मला कुणी घातलंच नव्हतं. आता कोट मोबाईलमध्येच मिळतो, बोटाने चढवता येतो. तिने त्या चुण्या मुठीत धरल्या.

"एवढे बारीक झालते," ती म्हणाली. आणि जाताना म्हणाली, "भाऊ, चिमटे काढू नका."

तेव्हापासून दर बाजाराला ती येते, माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि जाते. फोटोत नसलेला आश्रुबा तिला त्या चुण्यांत सापडला होता. त्या चुण्यांएवढं खरं त्याचं काही उरलं नव्हतं.

परवा त्रिंबकच्या घरी धुणं जास्त निघालं. त्याची बायको स्टुडिओत आली, मला खिळ्यावरून न काढताच चारही चिमटे काढून घेऊन गेली. तिला बिचारीला काय माहीत. चुण्या हळूहळू सुटल्या. आता मी पुन्हा शिंप्याने मला शिवलं होतं तेवढा झालो आहे.

मित्रांनो, घरचं माणूस हसतं आहे तोवर, त्याच्या अंगावर असेल त्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. तो जपून ठेवा. उधारीचा कोट त्याला चढवू नका, मग तो माझ्याइतका रुबाबदार का असेना. हे सांगून बायनाबाईला आता काही उपयोग नाही, ते मला कळतं.

उद्या बाजार आहे. ती येईल आणि माझ्या पाठीवर हात ठेवेल.