दोन इलेक्ट्रॉन आणि एक मिनिटकाटा

मित्रांनो, मी पाण्याचा एक रेणू आहे आणि बराच जुना आहे. किती जुना ते विचारू नका. आमच्यात जन्मतारखेचा दाखला मिळत नाही. एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, एवढाच आमचा संसार. बोलणारा तो ऑक्सिजन, असं समजा.

लोणारच्या खाऱ्या सरोवरात मी काही शतकं काढली. पैनगंगेत वाहिलो, ढगात राहिलो, बैलाच्या घामातून निघालो, एकदा एका तहसीलदाराच्या सरबतातही होतो. उकळलो की आम्ही एकमेकांपासून सुटतो, पण प्रत्येक जण आपल्या जागी धड असतो. कधी माझा हायड्रोजन शेजाऱ्याकडे जायचा, शेजाऱ्याचा माझ्याकडे यायचा. घरोघरी विरजण मागून नेतात तसं. त्याला तुटणं म्हणत नाहीत. मी खरा तुटलो तो एकदाच.

महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. देऊळघाटच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलात शालिग्राम नावाचे विज्ञानाचे मास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मास्तर दोन वर्षं तात्पुरते होते. बायको आशाबाई आणि लहान मुलगी जळगाव जामोदला, आशाबाईंच्या माहेरी. ‘कायम झालो की तुम्हाला आणतो,’ हे वाक्य ते दर महिन्याच्या पत्रात लिहायचे. बाकी मजकूर बदलायचा.

त्या फेब्रुवारीत शिक्षण खात्याचे साहेब शाळेचं विज्ञान प्रदर्शन बघायला येणार होते. शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव मास्तरांना म्हणाले, “साहेब खूश झाले पाह्यजे, मास्तर. मंग तुमच्या कायमच्या कागदावर त्याच दिवशी सही करतो.”

मास्तरांनी लोणच्याची काचेची बरणी घेतली. झाकणाला भोक पाडून मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा बसवला. बरणीच्या तळाला थोडं पाणी, वर त्याची वाफ. फुगा दाबून एकदम सोडला की आतली हवा पसरून गार होते आणि वाफेला थेंब व्हावंसं वाटतं. पण थेंबाला धरून बसायला काहीतरी लागतं. वेगवान आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, हवेतून गेला, तर वाटेत तुटलेल्या रेणूंना धरून थेंब बसतात आणि त्याच्या वाटेची पांढरी रेघ दिसते. आता फक्त आयन सोडणारी वस्तू हवी होती. अख्ख्या गावात ती एकाच ठिकाणी होती. पंजाबरावांच्या मनगटावर.

त्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकायचे. लग्नाच्या पंगतीत पंजाबराव मुद्दाम कंदील बारीक करायला लावून वेळ सांगायचे.

“घड्याळ काऊन पाह्यजे, मास्तर?”

“काट्यावर रेडियम आहे ना, दादासाहेब. प्रयोगाले तेच लागते.”

“न्या ना मंग! पण साहेबाच्या डोयासमोर ठेवा. कोपऱ्यात नका ठेवू.”

अध्यक्षांना वाटलं, घड्याळाला मान मिळतो आहे. मास्तरांना वाटलं, परवानगी मिळाली. दोघंही समाधानाने घरी गेले. मास्तरांनी काच उघडून मिनिटकाट्यावरचा रंग ब्लेडने खरवडला, सुईच्या टोकाला डिंकाने चिकटवला आणि सुई बरणीत टांगली. घड्याळ पुन्हा बंद करून इस्तरीच्या रुमालावर, टेबलाच्या मधोमध ठेवलं. दिवसा काटा काट्यासारखाच दिसत होता.

बरणीसाठी त्यांनी पाणीही खास केलं होतं. उकळून, त्याची वाफ पुन्हा गार करून, बाटलीत भरून, वर फडकं बांधून. आणि इथेच माझं नशीब ठरलं.

साहेबांची जीप आली. पाहुण्याला आधी पाणी, मग बाकीचं. शाळेचा माठ भिमाबाई भरायची. पोरं त्यातलं पाणी प्यायची, मास्तरही प्यायचे. भिमाबाईच्या हातचं पाणी पाहुण्यांना द्यायचं नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो खोडताही येत नव्हता.

“माठ कोणं भरला?” पंजाबरावांनी शिपायाला हळूच विचारलं.

“भिमाबाईनं.”

“मंग ते नको बे. ती फडकं बांधलेली बाटली आन.”

साहेब दोन पेले प्यायले. म्हणाले, “छान पाणी आहे. चवच नाही.” बाटली रिकामी झाली.

मास्तर रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले, तेवढ्यात भिमाबाईने माठातला तांब्या पुढे केला. “हे चालते का, मास्तर?”

“चालवावंच लागते.”

त्या तांब्यात मी होतो. पिण्याचं पाणी कोणाच्या हातचं, याची चौकशी झाली होती. तोडायचं पाणी कोणाच्या हातचं, हे कोणी विचारलं नाही.

बरणीत गेलो, त्यातून वाफेत आलो. मास्तरांनी फुगा दाबून सोडला, नुसतं धुकं. पुन्हा सोडला, पुन्हा धुकं. “हे तर चुलीवरबी दिसते,” मागून कोणीतरी म्हणालं. मास्तरांच्या कपाळावर माझे काही भाऊबंद जमा झाले. मास्तर फुगा दाबत राहिले. धुक्याबरोबर हवेतली धूळ हळूहळू खाली बसत होती आणि आतली हवा निवळत होती.

पाचव्या वेळी तो आयन आला. हेलियमचा गाभा, स्वतःचे दोन इलेक्ट्रॉन नसलेला, सेकंदाला पंधरा हजार किलोमीटर वेगाने. गावाहून बुलढाण्याला जायला एस.टी.ला अर्धा तास लागतो, त्यावरून अंदाज करा. त्याच्या वाटेत बहुतेक हवेचेच रेणू होते. आमच्यातले काही होते, त्यातल्या बऱ्याच जणांचा एकेक इलेक्ट्रॉन गेला. त्यांचं खरचटण्यावर निभावलं. माझे दोन गेले. दोन गेले की जे एकमेकांना धरून असतात तेच एकमेकांना ढकलायला लागतात. एक हायड्रोजन एका बाजूला उडाला, मी आणि दुसरा उलट्या बाजूला. याला पापणी लवायच्या लाखाव्या भागाचाही लाखावा भाग इतका वेळ लागला नाही.

मला काही वाटलं नाही. हे मी धैर्य दाखवायला सांगत नाही, खरंच काही वाटलं नाही.

वाटेवर जे तुटले-फुटले होते त्यांच्याभोवती बाकीची वाफ जमली, थेंब झाले, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी रेघ उमटली. बाहेर टाळ्या पडल्या. मित्रांनो, एक सांगून ठेवतो. जी रेघ दिसते ती तुटलेल्यांची नसते, भोवती जमलेल्यांची असते.

“अहो, सुंदर!” साहेब वाकून म्हणाले. “हे रेडियम आणलंत कुठून?”

“अध्यक्षसाहेबांच्या मिनिटकाट्यावरचं खरवडलं, सर,” शालिग्राम मास्तर अभिमानाने म्हणाले.

पंजाबरावांनी रुमालावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग ते हसले. “मीच म्हणलं मास्तरले, खरवडा. विज्ञानापुढं घड्याळ काय चीज आहे?”

पुन्हा टाळ्या. या जास्त वेळ चालल्या.

जीप गेल्यावर पंजाबरावांनी घड्याळ उचलून धोतराच्या सोग्याखाली अंधार करून पाहिलं.

“काट्याले हात लावाच्या आधी विचारलं काऊन नाही?”

“विचारलं होतं, दादासाहेब.”

“म्या घड्याळ देलं होतं. काटा नव्हता देला.”

कायमच्या कागदावर सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आला: मुदत संपल्याने सेवा समाप्त. शुद्धलेखन बरोबर होतं.

मास्तरांनी सुई बुचात खोचून डबीत ठेवली. भिमाबाई बरणी धुवायला घेऊन बसली.

“मास्तर, तुमाले काईच वाटून नाई राह्यलं का?”

“नाही.” मास्तरांनी डबीचं झाकण लावलं. “उद्या वाटेल बहुतेक.”

“अन् आशाबाईले काय लिहान?”

“काही नाही लिहीत. मीच जातो.”

भिमाबाई उठली, हात धुऊन तिने माठातून तांब्या भरला. गावाहून निघणाऱ्याला पाणी देतात. मास्तर उभ्यानेच सगळं पाणी प्यायले, तांब्या उपडा केला, ट्रंक उचलली आणि फाट्याकडे चालू लागले. बरणीतलं पाणी भिमाबाईने शाळेच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं.

मी तोवर जुळलोही होतो. बरणीतच कुठला तरी इलेक्ट्रॉन मिळाला, कोणाचा तरी हायड्रोजन मिळाला. आता मी पुन्हा पाणी आहे आणि मला ओळखणाराही कोणी फरक सांगू शकणार नाही. पंजाबरावांचं घड्याळही पुष्कळ वर्षं चाललं. पंगतीत कंदील बारीक करून ते दाखवायचे, “हा एक काटा चमकत नाई, पाह्यलं का? विज्ञानाले देला.” मास्तरांचं नाव त्या गोष्टीत येत नसे. अंधारात तास कळायचा, मिनिटं कळायची नाहीत.

पाणी जपा, असं तुम्हाला वहीत लिहायला सांगतात. जरूर लिहा. पण मला तोडलं तरी मी जुळतो; त्यात माझं कर्तृत्व नाही, मला तसंच केलेलं आहे. शालिग्राम मास्तर पुढे कुठे कायम झाले का, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी अशी सुंदर पांढरी रेघ दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा विचारा, की तिच्या मधे कोण तुटलं होतं.